काजळीचा डॉक्टर

बुलढाणा जिल्ह्यात धुराशी एवढं वैर धरलेला आणि धुरावाचून एक दिवस न करमणारा माणूस आजवर एकच झाला, आणि तो नेमका माझ्या वाट्याला साळा म्हणून आला. तो निघायच्या आदल्या संध्याकाळी आम्ही दोघं वरवट बकालच्या आमच्या घराच्या ओट्यावर तुरीच्या ओल्या शेंगा सोलत बसलो होतो. त्याच्यासोबत केलेलं साधंसुधं काम तेच शेवटचं. दुसऱ्या दिवशी सकाळी तो हिमालयात जायचा होता, साठीच्या तोंडावर, बर्फावर पडलेली काजळी मोजायला. माझ्या डोक्यात मात्र एवढंच, की या माणसाला तिथं सोल्याची, म्हणजे या ओल्या तुरीच्या दाण्यांची, भाजी कोण करून घालणार. तेवढ्यात त्याने एक शेंग उचलली, उजेडाकडे धरली, नखाने खरवडली नि म्हणाला, "भाऊजी, हे काळं काय हाये?"

"कीड हाये."

"काजळी तं नसंन?"

"बे मास्तर, शेंगा सोलाले बसला का त्याईचं पोस्टमार्टम कराले? सोल मुकाट्यानं."

त्याने सोलली. पण टरफल खिशात घातलं, ते मी पाहिलं. त्याच्या खिशातून कायम असलंच काहीतरी निघायचं. कंदिलाच्या काचेचा तुकडा, करपलेला पापड, भट्टीवरच्या विटेचा कोपरा. धोब्याने त्याचे कपडे घेणं कधीच बंद केलं होतं. आणि कपडे कोणते, तर पांढरे. सदरा पांढरा, पँट पांढरी, टोपी पांढरी, थंडीत अंगावर शाल तीही पांढरी. जळगाव जामोदच्या कॉलेजात तो रसायनशास्त्र शिकवायचा. नवीन पोरं पहिल्या दिवशी त्याला पुढारी समजायची, आणि आठवड्याभरात 'काजळी मास्तर' म्हणायला लागायची. तो म्हणायचा, माझा सदरा हा कपडा नाही, यंत्र आहे. संध्याकाळी आमच्याकडे आला की सदरा काढून खिडकीत धरायचा नि कॉलर पाहून सांगायचा की आज बाजाराचा दिवस होता, ट्रक जास्त आले. मी म्हणायचो, बाजाराचा दिवस होता हे मलाही माहीत आहे, मी बाजारातूनच आलो.

काजळी म्हणजे काय, हे त्याने मला इतक्या वेळा सांगितलं की शाळेतून लवकर पळालेल्या माझ्यासारख्या माणसालाही ते पाठ झालं. जे जळायचं ते पुरतं जळलं नाही की मागे उरतं ते काळं. कंदिलाच्या काचेवर बसते ती, चुलीमागच्या भिंतीवर बसते ती, ट्रकच्या नळीतून निघते ती, वीटभट्टीवर तरंगते ती, सगळी एका कुळातली. हवेत असली की ऊन पिते नि हवा तापवते. बर्फावर बसली की बर्फाचं पाणी होतं. आणि गंमत अशी की हीच काजळी मोठमोठे कारखाने मुद्दाम तयार करतात. टायरात घालतात, छपाईच्या शाईत घालतात, बुटाच्या पॉलिशात घालतात. "टायरात गेली तं टायर टिकते भाऊजी, माणसात गेली तं माणूस टिकत नाही. वस्तू तीच, जागा चुकली," असं तो म्हणायचा. हे वाक्य त्याने लग्नात, बारशात, तेरवीत, ग्रामसभेत, कुठं कुठं ऐकवलं नाही! ऐकणारे मान हलवायचे नि हळूच सरकून बसायचे.

दुसरबीडला आमच्या नात्यातलं एक लग्न होतं. मांडवाच्या मागे डिझेलचा जनरेटर धडधडत होता. इकडे मंगलाष्टकं सुरू, अंतरपाट धरलेला, सगळी माणसं अक्षता मुठीत घेऊन नवरा-नवरीकडे तोंड करून उभी, आणि आमचा हा पठ्ठ्या त्यांच्याकडे पाठ करून, दोन्ही हातांनी पांढरा रुमाल ताणून, जनरेटरच्या नळीपुढे उभा. जणू अंतरपाटच धरला होता त्याने. 'शुभ मंगल सावधान' झालं, अक्षता उडाल्या, त्याने रुमाल उलटा केला नि नाकाशी नेला. नवरीच्या बापाने मला कोपऱ्यात घेऊन विचारलं, "हे पाव्हणे नवरदेवाकडचे, नवरीकडचे, का जनरेटरकडचे?" मी म्हटलं, "माह्याकडचे हायेत, समजून घ्या." जळगाव जामोदच्या स्टँडवर तर त्याला सगळे कंडक्टर ओळखत. तो आधी एसटीच्या मागे जाऊन नळी पाहायचा, मग पुढे येऊन चढायचा. एकदा एका कंडक्टरने हात जोडले, "मास्तर, नळीत बसता का सीटवर? गाडी लेट होऊन राह्यली."

रुमालांची गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. कोणत्या गल्लीत किती काजळी पडते हे पाहायला त्याने आमच्या गावात जागोजाग पांढरे रुमाल बांधले. एक सगळ्यात महत्त्वाचा रुमाल त्याने गावाबाहेर निंबाच्या झाडाला बांधला, कारण तिथली हवा स्वच्छ, तिच्याशी बाकीच्यांची तुलना करायची. काही दिवसांनी आम्ही दोघं तो रुमाल आणायला गेलो तर त्यावर हळदीकुंकू, खाली नारळ, आणि एक म्हातारी डोळे मिटून उभी. मास्तरने रुमालाला हात घातला तशी ती ओरडली, "हात नोको लावू रे मेल्या, जागृत हाये!" तो म्हणाला, "मावशे, माहा रुमाल हाये हा." ती म्हणाली, "देव काय तुह्या एकट्याचा हाये का?" रुमाल तिथंच राहिला. आजही आहे. नवस पण फेडतात लोक. मास्तरला वाईट याचं वाटलं की कुंकवामुळे काजळीचा हिशेब बिघडला.

हे वेड त्याला लागलं ते माझ्या घरात, माझ्या बायकोच्या चुलीपाशी. या बहीणभावांची आई लवकर गेली, तेव्हा या पोराला माझ्या बायकोनेच वाढवलं. आमच्या लग्नात तिच्यासोबत आलेलं सामान म्हणजे भांडी, एक ट्रंक आणि हा. चुलीपुढे तिच्या मांडीला टेकून तो पाटीवर लिहायचा, नि पाटी काळी आहे का भिंत काळी आहे हे कळायचं नाही अशी ती भिंत होती. पुढे मास्तर झाला, पन्नाशीला टेकला, आणि एके दिवशी येऊन म्हणाला की मी डॉक्टरेट करणार आहे, विषय काजळी. मी पोट धरून हसलो. म्हटलं, "अबे, लोकं नातू खेळवतात या वयात." लग्न त्याने केलंच नव्हतं. माझी बायको मात्र हसली नाही. भाकर थापता थापता म्हणाली, "हो म्हणा डॉक्टर. घरात एक तरी होऊ द्या."

मग त्याने एक डबी आणली. छोटा पंप आत, बाहेर नळी, नळीच्या टोकाला पांढरा कागद. ती डबी तिच्या कमरेला नि नळी पदराला, अगदी नाकापाशी, असं बांधून ती दिवसभर चुलीपाशी वावरायची. ती त्या डबीशी बोलायची. माझी सगळी गाऱ्हाणी डबीला सांगायची. "यायनं काल पुन्हा भाजीत मीठ मागतलं. मीठ टाकलं होतं मी. जीभ गेली यायची." मास्तर म्हणायचा, "अक्का, यात आवाज जात नाही, हवा जाते." ती म्हणायची, "नाई गेला तं नाई गेला. तू ऐकून राह्यला ना!" संध्याकाळी त्याने तो कागद काढून तिला दाखवला. तव्याच्या बुडासारखा काळा. ती त्यावर बोट फिरवून म्हणाली, "इतके वर्सं मी काय गिळून राह्यली, हे मले इचारणारा तू पयला रे बापा." मी गॅस आणला. भाकर मात्र ती चुलीवरच करायची, फक्त चूल अंगणात मोकळ्यावर नेली. गॅसवरची भाकर म्हणजे कागद, असं तिचं मत. मास्तर त्यावरही वाद घालायचा आणि वाद घालता घालता चुलीवरच्या दोन भाकरी जास्त खायचा.

ती गेली. हिवाळा सरत होता, अंगणात कपडे वाळत घालत होती, खाली बसली, ती बसलीच. डॉक्टरांनी हृदय म्हटलं. आता हा माझा साळा असा, की गारपीट झाली तर काजळीमुळे, डोक्याचे केस गेले तर काजळीमुळे, आपली टीम मॅच हरली तरी त्यात कुठून तरी काजळी आणणारा. पण त्या दिवशी नि त्यानंतर कधीच, त्याने काजळीचा 'क'सुद्धा काढला नाही. एकदा जरी त्याने म्हटलं असतं तर मी त्या चुलीपुढे बसून काय केलं असतं, माहीत नाही. त्याला ते कळत होतं. एवढं शहाणपण त्या वेड्यात होतं.

तेरवी झाली, पाहुणे गेले, आणि तिसऱ्या प्रहरी हा एका टेम्पोत आपलं बिऱ्हाड नि ते मोठं यंत्र घालून दारात हजर. मोठं यंत्र म्हणजे एका संस्थेने त्याला वापरायला दिलेली लोखंडी ट्रंकेएवढी पेटी होती. ती हवा ओढते, पांढऱ्या फितीवर काळा ठिपका पाडते, नि त्या ठिपक्यावर वेगवेगळ्या रंगांचे उजेड टाकून काजळी मोजते. म्हणाला, "भाऊजी, मशीनले पक्कं छत पायजे. माह्यं घर गळते." त्याच्या घराला स्लॅब आहे. हे मला माहीत होतं, त्याला माहीत होतं, आणि मला माहीत आहे हेही त्याला माहीत होतं. मी म्हटलं, "ठेव बैठकीत." अशी आमची दोन म्हाताऱ्यांची गिरस्ती सुरू झाली. स्वयंपाक मला येत नव्हता, त्याला तर नव्हताच. माझी पहिली भाकर तव्यावर पेटली तेव्हा तो यंत्रापाशी धावत गेला, आकडा पाहून आला नि म्हणाला, "अभिनंदन भाऊजी, तुमची भाकर वीटभट्टीच्या बरोबरीनं आली." ती गेल्यावर त्या घरात कोणी हसलं ते तेव्हा पहिल्यांदा.

पण अभ्यास त्याने सोडून दिला होता. विद्यापीठाने मुदत वाढवून वाढवून दिली होती, आता शेवटची, यानंतर नाव कापणार. यंत्रावर त्याने चादर टाकली होती. मी काही गोड बोलणारा माणूस नाही. एका सकाळी चादर ओढली नि म्हटलं, "तुही बहीण त्या धुरात बसून तुहे कागद काळे करत होती, ते काय तू असे गुंडाळून ठेवासाठी? उचल." तो रडला. मग उठला, नि त्या दिवसापासून पुन्हा सगळ्या गावाला छळायला लागला.

त्याचं म्हणणं असं होतं की थंडीत आपल्या हवेत जी काजळी चढते ती जास्त करून आपल्याच चुलींची नि शेतात पेटवलेल्या पऱ्हाट्यांची. कपाशी वेचून झाली की वाळकी झाडं उपटून ढीग घालायचा नि खालून काडी लावायची, ही आमच्याकडची पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. घुसमटून घुसमटून जळतं ते, दोन-दोन दिवस धूर. तो सांगायचा, घंगाळासारखा खड्डा करा, वर रुंद, खाली निमुळता. आत थोडा जाळ करा, नि त्यावर पऱ्हाट्या थरथराने टाका. जाळ नेहमी वर राहिला पाहिजे, म्हणजे धूर निघता निघता जाळातच जळून जातो. शेवटी पाणी मारा. कोळसा उरतो, तो मातीत घाला. लोक म्हणायचे, वरून का कधी आग लागते? शेवटी प्रबंध लिहून झाला. त्याच्या तोंडी परीक्षेला मी धोतर नेसून गेलो होतो, मागच्या बाकावर बसलो. बाहेरून एक परीक्षक बाई आल्या होत्या, करारी, केस आखूड, नजर चाकूसारखी. त्यांनी सगळं ऐकलं नि म्हणाल्या, "तुमचं गाव रस्त्यावर आहे. ट्रक जातात, पंप चालतात. हे उंच आकडे डिझेलचे नाहीत कशावरून?" तो समजावत राहिला. त्या म्हणाल्या, "मी तुमच्या गावात येऊन पाहीन. मगच सही करीन." म्हणजे त्या आल्या, त्यांना पटलं तर डॉक्टर, नाहीतर सात-आठ वर्षांची हमाली पाण्यात. पुढे आणखी मुदत नव्हती.

ही बातमी गावात पोचवली आमच्या शेजारच्या शांताबाईने. शांताबाई म्हणजे माझ्या बायकोची जिवाभावाची मैत्रीण, नि आवाज असा की तिने वरवट बकालमध्ये कुजबुज केली तर जळगाव जामोदला ऐकू जावी. तिने पारावर सांगितलं की मास्तरचा पेपर धुराचा आहे, एक मोठी बाई गावात येऊन धूर मोजणार आहे, नि त्यावर मास्तर पास होणार आहे. गावाने विचार केला. धुराचा पेपर असेल तर धूर कमी पडून कसं चालेल? नापास होईल बिचारा. अक्काचा भाऊ आहे. आपलं माणूस आहे. गावाने काय ठरवलं हे मला मात्र कोणी कळू दिलं नाही, कारण माझ्या तोंडात तीळ भिजत नाही.

बाई आल्या त्या दिवशी सकाळ अशी स्वच्छ होती की सातपुडा हात लावावा एवढा जवळ दिसत होता. बाईंनी आपली जीप गावाबाहेरच उभी केली नि चालत आल्या, आपल्याच गाडीचा धूर यंत्रात जाऊ नये म्हणून. तिथंच मला त्या आवडल्या. खिडक्या बंद करून त्या, मास्तर नि मी बैठकीत यंत्रापुढे बसलो. यंत्राची हवा ओढायची नळी तेवढी छपरावर. आकडा खाली होता, ठिपका फिकट. मास्तर हात चोळत म्हणाला, "ही आमची सकाळची हवा, मॅडम." एवढं तो बोलला नि आकडा चढायला लागला. चढला, चढला, थांबायचं नाव नाही. फितीवरचा ठिपका जांभळाएवढा काळा झाला. बाईंच्या कपाळाला आठी पडली. "ट्रक आला का एखादा?"

मास्तरचा चेहरा त्याच्या सदऱ्याएवढा पांढरा पडला होता. मी मनात म्हटलं, संपलं. पण त्याने आकड्यांकडे पाहिलं, वाकून पुन्हा पाहिलं, नि त्याची पाठ ताठ झाली. वर्गात उभा असावा तसा बोलायला लागला. "नाही मॅडम. डिझेलची काजळी सगळ्या उजेडांत सारखी काळी दिसते. जांभळ्या नि तांबड्या उजेडाचे आकडे हातात हात घालून चढले असते. हा जांभळा पाहा कसा पुढे पळतोय. लाकूड, गोवरी, काडीकचऱ्याचा धूर जांभळा उजेड जास्त पितो. डिझेल नाही हे. काहीतरी शेणाकाडीचं जळतंय, अगदी जवळ, नि एका ठिकाणी नाही, पुष्कळ ठिकाणी. पण आज सण नाही, वार नाही." मग तो थांबला नि घाबरून माझ्याकडे वळला. "भाऊजी, गावानं काही करून तं नाही ठेवलं?"

दार उघडलं तर समोरची गल्ली दिसत नव्हती. आम्ही खोकत खोकत मारुतीच्या पारापाशी गेलो. तिथं अख्खं गाव. गोवऱ्यांचे लांबच लांब ढीग रचून पेटवलेले, त्यात कणकेचे शेकडो रोडगे भाजायला टाकलेले, वांग्याच्या भाजीची कढई चढलेली, आणि तेवढा धूर पुरायचा नाही म्हणून प्रत्येक दारापुढे एक एक चूल, त्यात ओलं जळण. त्या धुराच्या मधोमध डोळ्यांना धारा लागलेली शांताबाई, हातात फुंकणी. बाईंना पाहून पुढे आली नि अभिमानाने म्हणाली, "बाई, पुरते का एवढा? का आखीन लावू?"

मास्तर पारावर बसला. "शांताबाई, मारलं वो तुमी मले!"

"माय माय! काऊन? धुराचा पेपर ना तुमचा? कमी पडला असता तं नापास नसते का केले यायनं? आमी सकाळपासून राबून राह्यलो, अन तुमी असे!"

बाईंना वऱ्हाडी कळत नव्हती. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी जमेल तसं पुस्तकी भाषेत सांगितलं की गावाला वाटलं जास्त धूर म्हणजे जास्त मार्क. त्या बाईंनी आधी तोंडावर रुमाल धरला. मग खांदे हलायला लागले. मग त्या पाराच्या पायरीवर मटकन बसल्याच, नि हसताना डोळ्यांतून पाणी, ते हसण्याचं का धुराचं कोण सांगणार. बऱ्याच वेळाने त्या उठल्या. म्हणाल्या, "मी एकच प्रश्न घेऊन आले होते, धूर कशाचा हे यांना ओळखता येतं का. खिडक्या बंद, बाहेर काय चाललंय हे यांना ठाऊक नाही, आणि यांनी बसल्या जागी सांगितलं. याहून चांगली परीक्षा मला घेता आली नसती. ती तुमच्या गावाने घेतली." मग त्याच्याकडे वळून म्हणाल्या, "डॉक्टर, मला एक रोडगा मिळेल का?"

त्या 'डॉक्टर' शब्दावर जो गलका झाला त्याने पारावरच्या झाडातले पोपट उडाले. डफडं कुठून आलं माहीत नाही. पोरांनी मास्तरला खांद्यावर घेतलं, तो वरून ओरडतोय, "आधी त्या चुली इझवा बे!" नि कोणी ऐकत नाही. बाई पंगतीत मांडी घालून बसल्या, रोडग्यावर तूप घेतलं, दुसऱ्यांदा वांग्याची भाजी मागितली. ऊन वर आलं, वारा सुटला, हवा निवळली, तेव्हा माझ्या शेतात त्यांनी पऱ्हाट्यांचा खड्डा नि शेजारी रीतीचा ढीग असे दोन्ही पेटवलेले पाहिले. दोन्हींवर त्यांनी स्वतः पांढरा कागद धरला. ढिगावरचा काळा झाला. खड्ड्यावरचा त्यांनी आपल्या पर्समध्ये ठेवला, एवढा गोरा निघाला.

संध्याकाळी मिरवणूक आमच्या दारात आली. ओवाळायला बहीण पाहिजे. शांताबाईने ताट तयार करून आणलं, सगळ्यांना वाटलं तीच ओवाळणार. तिने ताट माझ्या हातात दिलं. "तुमी ओवाळा भाऊ. अक्काच्या वतीनं." पुरुषाने कोणी असं ओवाळल्याचं मी पाहिलं नव्हतं. पण कोणी हसलं नाही. मी कुंकू लावलं, ताट फिरवलं. तो डोळे मिटून उभा होता, गालावरून पाणी गळत होतं. तसाच हळूच म्हणाला, "भाऊजी, निरांजनाची वात लांब झाली. काजळी धरून राह्यली." मग मात्र आम्ही दोघं जे हसलो नि जे रडलो, ते डफडं वाजवणाऱ्यांना वाटलं आपल्याच तालावर चाललंय.

विद्यापीठाचा कागद यथावकाश आला. गावातले लोक गुडघे, पाठ, खोकला घेऊन त्याच्याकडे यायला लागले, नि तो सगळ्यांना एकच औषध सांगायचा, "चूल बाहेर काढा, पऱ्हाट्या वरून पेटवा." काहींचा खोकला बरा झाला म्हणतात. तो नोकरीतून रिटायर झाला, नि त्याच परीक्षक बाईंनी त्याला बोलावून घेतलं, हिमालयात बर्फावरची काजळी मोजणाऱ्या लोकांमध्ये. मी विचारलं, बर्फावर काय करणार तू? तो म्हणाला, "देवानं तिथं एवढा मोठा पांढरा रुमाल अंथरून ठेवला भाऊजी. पाहाले नको का?" मी हो म्हटलं. डॉक्टर तो झालाच होता, आता त्याला इथं शेंगा सोलत ठेवून काय करायचं होतं?

सकाळी तो शेगावच्या गाडीला बसला. गाडीत चढायच्या आधी मागे जाऊन नळी पाहिली, कंडक्टर तोवर घंटीची दोरी हातात धरून थांबला. गाडी वळणावर गेली. मी घरी निघालो तर शांताबाई वाटेत कुदळ घेऊन उभी.

"भाऊ, माह्या वावरात पऱ्हाट्या पडल्या हायेत. मास्तर तं गेले. चाला तुमी."

"मले काय येते त्यातलं?"

"इतके दिवस त्याच्या मागं मागं काय झाडू मारून राह्यले होते? चाला."

गेलो. खड्डा खणला, घंगाळासारखा. थोडा जाळ केला नि वर थर टाकत गेलो. पहिल्यांदा थोडं धुपलं, मग जाळ नीट वर आला, लाल, स्वच्छ. धूर नव्हता. आमच्याकडे शेतात धूर दिसला की कोणी ना कोणी येतंच, काय पेटवलं म्हणून विचारायला. त्या दिवशी कोणी आलं नाही, कारण दुरून काही दिसतच नव्हतं. मी जाळाच्या वरून पार सातपुड्यापर्यंत पाहिलं नि मोठ्याने म्हणालो, "जमलं बरं का."

"कोणाले सांगून राह्यले?" शांताबाईने विचारलं.

"दोघाले," मी म्हटलं, नि बादली घेऊन विहिरीकडे गेलो.